कासव चुकत नाही

आपल्याकडच्या जुन्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत एक दगडी कासव बसवलेले असते. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्या कासवाला आधी हात लावायचा आणि मगच देवाकडे जायचे, असा आजीचा दंडक होता. पुढे एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतले तेव्हा गीतेतल्या स्थितप्रज्ञाला दिलेली कासवाची उपमा भेटली. आता निवृत्ती चार वर्षांवर आली असताना एक तिसरे कासव भेटले. ते दगडाचे नाही, उपमेचेही नाही. शाळेच्या संगणकाच्या पडद्यावरचे एक लहानसे त्रिकोणी चिन्ह आहे ते. पण माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीचा हिशेब त्याने मागितला. तो हिशेब आपल्यासारख्या दुभाषी मुलुखातल्या पालकांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

आमची शाळा सुरतेतली, मराठी माध्यमाची. मुलांचे आईबाप बहुतेक धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेला उतरले आणि उधना-लिंबायतच्या चाळींत राहिले. घरात अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी अशा चार भाषांत आमची मुले वाढतात. आणि संगणक म्हटला की पाचवी, इंग्रजी, येऊन उभी राहते. त्यामुळे संगणकाच्या खोलीत आमची मुले देवळात शिरल्यासारखी शिरत. हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, सर सांगतील तेच बटण दाबायचे. चालू स्थितीतले अकरा संगणक आणि चाळीस मुले असा हिशेब असल्यावर दुसरे काय होणार?

अशा खोलीत आमच्या एका तरुण शिक्षकाने ‘लोगो’ आणले. तसे ते नवे नाही. १९६७ साली अमेरिकेत वॉली फ्युरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ही भाषा मुलांसाठी तयार केली. आधी शब्द आणि आकडे यांच्याशी खेळण्याची ती भाषा होती. थोड्याच वर्षांत तिला कासव मिळाले. सुरुवातीचे कासव खरोखरचे, जमिनीवर चालणारे, पोटाला पेन लावलेले यंत्र होते. ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने ब्रिस्टलमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस जी छोटी चालती यंत्रे बनवली त्यांना तो कासवे म्हणे. तेच नाव पुढे चालले. नंतर कासव पडद्यावर गेले. त्याला दोनच गोष्टी कळतात : इतकी पावले पुढे जा आणि इतके अंश वळ. चालताना मागे रेघ उमटते. शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा सांगितले की चौरस होतो.

चौरस सगळ्यांना आला. मग शिक्षक म्हणाले, समभुज त्रिकोण काढा. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, हे सातवीच्या मुलांना पाठ. तेव्हा शंभर पुढे, साठ उजवीकडे, तीन वेळा. बटण दाबले आणि पडद्यावर त्रिकोण आलाच नाही. तीन रेघांची एक उघडी वाटी तेवढी उमटली. मी तेव्हा दारात उभा होतो. पहिल्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, “सर, कासव चुकलं.”

शिक्षक म्हणाले, “कासव चुकत नाही. तू सांगितलंस तेच त्याने केलं.”

मुलीचा चेहरा पडला. तिने सवयीने दोन्ही हात कानांकडे नेले आणि म्हणाली, “माझं चुकलं, सर.”

मला वाटले, आता शिक्षक बरोबर आकडा सांगतील आणि काम पुढे जाईल. मी असतो तर तेच केले असते. त्यांनी एवढेच विचारले, “बरं. कुठं चुकलं?”

मुलीला उत्तर आले नाही. चिडून तिने तोच हुकूम पुन्हा दिला. कासव जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागले आणि उघडी वाटी बंद होऊन षटकोन तयार झाला. मधमाशीच्या पोळ्याची जणू एक खोली! सगळी खोली तिच्या संगणकाभोवती गोळा झाली. त्रिकोणाचे चुकलेले उत्तर हे षटकोनाचे बरोबर उत्तर निघाले.

मग शिक्षकांनी मुलांना अंगणात नेले. एक मुलगा कासव झाला, बाकीचे हुकूम देऊ लागले. त्या हुकमांची भाषा ऐकण्यासारखी होती. “आगळ जा, अजून आगळ! आता उजवीकडे... अरे डाबी बाजू नको, जमणी बाजू!” कोपऱ्यावर आल्यावर भांडण लागले : वळायचे किती? कासव झालेल्या मुलाने एक हात ज्या दिशेने चालत आला त्या दिशेला सरळ पुढे धरला आणि दुसरा हात जिकडे जायचे तिकडे. मग तो आपल्या दोन हातांकडे पाहतच राहिला. त्रिकोणाच्या आतला कोन साठ; पण त्याच्या अंगाला वळायचे होते ते उरलेले, म्हणजे एकशेवीस! ही गोष्ट त्याला फळ्यावरून कळली नाही, खांद्यातून कळली. संपूर्ण फेरी मारून पहिल्या जागी, पहिल्या तोंडाने उभे राहायचे तर एकंदर तीनशेसाठ अंश वळावे लागते. मग तीन वळणे असोत, चार असोत की सहा. मुले धावत खोलीत गेली आणि पाच बाजूंना बहात्तर, आठ बाजूंना पंचेचाळीस असे धडाधड आकडे काढू लागली. एकाने तीनशेसाठ वेळा एक पाऊल आणि एक अंश असे सांगून वर्तुळ काढले. कंपास न लावता, केंद्र न मानता काढलेले वर्तुळ मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने नव्हे. मला एक मुलगा आठवला.

नोकरीची पहिली वर्षे. गणिताचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि आठवीचे गणित माझ्या गळ्यात पडले. मी तत्त्वज्ञानाचा एम.ए.; रात्री पुस्तक वाचून सकाळी शिकवत असे. चाचणीत प्रश्न होता : चौकोनाच्या बाह्यकोनांची बेरीज तीनशेसाठ अंश असते, हे सिद्ध करा. एका मुलाने शेताची आकृती काढली, चारी कोपऱ्यांवर बाण काढले आणि खाली लिहिले, की बांधावरून चालत चार वेळा वळलो आणि जिथून निघालो तिथे परत आलो, म्हणजे एक पूर्ण फेरी झाली, म्हणून तीनशेसाठ. मी त्यावर लाल रेघ मारली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. मी तो पेपर वर्गात वाचून दाखवला आणि म्हणालो, “गणितात गोष्टी लिहायला कोणी सांगितलं?” वर्ग हसला. मुलगाही हसला, कारण हसण्यावाचून त्याला दुसरी सोय नव्हती. त्यानंतर माझ्या तासाला त्याने हात वर केलेला मला आठवत नाही. नववीनंतर तो शाळेतून गेला. माझ्यामुळे गेला असे म्हणण्याचा मोठेपणा मी स्वतःकडे घेत नाही. त्या काळी घरची ओढ पुष्कळांना लूमवर नेत असे. पण माझी लाल रेघ त्याच्या बरोबर उत्तरावर होती, हे मला पंचवीस-तीस वर्षांनी एका पडद्यावरच्या कासवाने सांगितले.

इथून माझा खरा प्रश्न सुरू होतो. चूक म्हणजे काय? ती अपराध आहे की नुसती माहिती आहे?

आपल्या मराठीने या प्रश्नाची तीन वाक्ये करून ठेवली आहेत आणि ती तिन्ही त्या मुलीच्या तासाला मी ऐकली. पहिले, ‘कासव चुकलं.’ हे दुसऱ्यावर ढकलणे. दुसरे, ‘माझं चुकलं.’ हे आपल्याकडे क्षमायाचनेचे वाक्य आहे. कान धरून म्हणायचे. आणि तिसरे, ‘कुठं चुकलं?’ पहिल्या दोन वाक्यांत फार अंतर आहे असे आपण मानतो. एक उद्धट, दुसरे विनयशील. पण नीट पाहिले तर दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत : चुकले कोण? तो प्रश्न सुटला की शिक्षा होते किंवा क्षमा होते आणि चूक आहे तिथेच राहते. त्रिकोण काही जुळत नाही. तिसरे वाक्य मात्र चुकीकडे तोंड करून उभे राहते.

गंमत अशी की मराठी व्याकरणाचे पहिले मोठे पुस्तक १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आमच्या सुरतेला शिक्षक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. मंत्राने भूत उतरवतो म्हणणाऱ्यांना दुर्गारामांनी उघड आव्हान दिले : करून दाखवा. एक मराठी आणि एक गुजराती मास्तर मिळून सुरतेत हे धाडस करतात, याचा आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना अभिमान वाटायला हवा. कासवही तेच म्हणते. माझे ऐकू नकोस, सरांचे ऐकू नकोस, पुस्तकाचेही ऐकू नकोस, करून पाहा.

पालकसभेत मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. एक वडील उठले. लूमच्या खात्यात कारागीर. म्हणाले, “सर, तुमचं बरोबर असेल. पण आमच्याकडे ताक्यात फॉल्ट निघाला की पगार कापतात. कुठं चुकलं ते कोणी विचारत नाही. पोराला चुकायची सवय लागली तर उद्या त्याचं कसं होईल?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. ज्यांच्या घरी चुकीची किंमत रोजच्या भाकरीतून वळती होते, त्यांना चुकीचे कौतुक सांगणे सोपे नाही. सुरत हे तर अचूकपणावर जगणारे शहर. हिऱ्याच्या घंटीवर गेलेला पैलू परत येत नाही. पण त्याच हिऱ्याकडे पाहिले तर उत्तरही तिथेच आहे. आजकाल कच्चा हिरा घंटीवर चढण्याआधी यंत्रात ठेवून त्याचे चित्र घेतात. आतले डाग कुठे, त्यातून कोणता आकार निघेल, किती वजन जाईल, हे पडद्यावर निरनिराळ्या तऱ्हांनी मांडून पाहतात. म्हणजे ज्या धंद्यात चूक सर्वांत महाग आहे, त्या धंद्याने चुका करून पाहण्याची एक स्वस्त जागा आधी तयार केली. शाळा ही तशी जागा असायला हवी. मूल उद्या जिथे जाईल तिथे चूक महाग असणार आहे, म्हणूनच शाळेत ती स्वस्त असली पाहिजे. मी त्या वडिलांना असे म्हणालो. त्यांनी मान हलवली. पटले की नाही, सांगता येत नाही.

यात माझे नवे काही नाही. मारिया माँटेसरींच्या साधनांत लाकडी दट्टे असतात आणि त्या-त्या मापाची भोके असतात. दट्टा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो. बाईंना सांगावे लागत नाही, चूक स्वतःच बोलते. हा विचार गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरच्या बालमंदिरात आणला. त्यांच्याबरोबर आमच्या ताराबाई मोडक होत्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी महाराष्ट्र-गुजरातच्या वेशीवर बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलगा येत नाही यात दोष कोणाचा, हे त्या शोधत बसल्या नाहीत. अडते कुठे, हे त्यांनी पाहिले. पॅपर्ट हे झाँ पियाजे यांच्याजवळ जिनिव्हात राहून मुले कशी विचार करतात ते शिकले होते. १९८०च्या आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यांनी मांडले ते असे, की मुलाच्या हुकमांबद्दल ते बरोबर की चूक असे विचारू नये, ते दुरुस्त करता येतील का, असे विचारावे. त्यांच्या कासवाची आणि ताराबाईंच्या दट्ट्यांची जात एकच.

पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक शंका येते, ती दडवू नये. ‘कोण’ सोडून ‘कुठे’ विचारू लागलो, तर जबाबदारीचे काय? सगळेच ‘कुठेतरी चुकले’ म्हणून मोकळे होतील. सरकारी कागदांतली ती भाषा आपल्या ओळखीची आहेच. तिथे कोणीच काही करत नाही, सगळे आपोआप घडलेले असते.

मी यावर बराच विचार केला. मला दिसते ते असे, की ‘कुठे चुकले’ हा प्रश्न ज्याने हुकूम दिला त्यानेच विचारला तर जबाबदारी सुटत नाही, उलट वाढते. ‘माझं चुकलं’ म्हणून कान धरले की माझा आणि चुकीचा संबंध संपतो. दंड भरला, खाते मिटले. ‘कुठं’ विचारणारा मात्र ती चूक दुरुस्त होईपर्यंत तिच्याशी बांधलेला राहतो. आणि हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, कारण तो विचारण्याआधी चूक माझी आहे हे मानावेच लागते. भीती असेल तिथे हे घडत नाही. भीती असेल तिथे मूल पहिली गोष्ट शिकते ती चूक लपवण्याची. रबराने वही फाटेपर्यंत खोडण्याची, शेजाऱ्याचे उतरवण्याची. आपण शिस्त शिकवतो असे समजतो आणि हातून खोटेपणा शिकवून होतो.

याचा दुसरा भाग यंदाच घडला. पाच टोकांची चांदणी काढायची होती. एका मुलाने वडिलांच्या फोनवर विचारून सगळा कार्यक्रम तयार आणला. हल्ली फोनला विचारले की तो क्षणात लिहून देतो. पाच वेळा, एकशेचव्वेचाळीस अंश. सुंदर चांदणी! शिक्षक रागावले नाहीत. म्हणाले, “छान. आता सहा टोकांची काढ.” मुलगा हुशार, चांदणी काढताना कासव दोन पूर्ण फेऱ्या मारते, म्हणजे सातशेवीस अंश, हे त्याने एकशेचव्वेचाळीसला पाचाने गुणून ताडले. मग सातशेवीस भागिले सहा, एकशेवीस. बटण दाबले. कासवाने त्रिकोण काढला आणि त्याच त्रिकोणावरून दुसऱ्यांदा फिरून आले. सहा टोके नाहीतच!

आता फोन त्याच्या खिशात होता. पुन्हा विचारता आले असते. पण त्याने विचारले नाही. का विचारले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पहिली चांदणी फोनची होती. ती बरोबर होती तरी त्याची नव्हती. दुसऱ्या वेळी आलेला त्रिकोण चुकीचा होता, पण त्याचा होता. तो तास संपला, मधली सुटी झाली, तरी मुलगा कागदावर रेघा मारत बसला. शेवटी त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “अरे, आमच्या दारात आई काढते ना रांगोळीत, ती दोन त्रिकोणांचीच असते. एक सुलटा, एक उलटा.” म्हणजे दोन त्रिकोण सुटे काढायचे तर कासवाला मध्ये पेन उचलावे लागणार! तेच पाऊल आणि तेच वळण पुन्हा पुन्हा सांगून ती चांदणी निघतच नाही. रांगोळी काढणाऱ्या आयांच्या हातांना हे केव्हाचे माहीत होते.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला चौरस दुप्पट करायला सांगतो. मुलगा चुकतो, पुन्हा चुकतो आणि आपल्याला हे येत नाही इथे येऊन थांबतो. सॉक्रेटिस म्हणतो तो असा, की याचे काही बिघडले नाही, उलट तो आधीपेक्षा चांगल्या जागी आहे. वर्गात हा उतारा मी वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. आणि तरी शेताच्या बांधावरून चालत उत्तराला पोचलेल्या मुलावर मी लाल रेघ मारली. म्हणजे उत्तर पाठ असणे आणि उत्तर आपले असणे यांत किती अंतर असते, याचे उदाहरण मीच आहे. फोन आज मुलांना जे देतो तेच मला तेव्हा ग्रंथांनी दिले होते : बरोबर, आणि उसने. फोनवर बंदी घालून हे सुटणार नाही, जशी माझ्या ग्रंथांवर बंदी घालून ते सुटले नसते. फोनच्या उत्तरानंतर ‘आता सहा टोकांची काढ’ म्हणणारा मास्तर मात्र हवा, आणि मूल अडले असताना घाईने तोंड न उघडण्याचा संयमही हवा. तीस वर्षांत मला सर्वांत जड गेलेले काम तेच.

आता आमच्या शाळेत मी एक लहानसा बदल केला आहे. तपासलेल्या वहीत नुसती फुली मारायची नाही. फुली जिथे सुरू होते तिथे एक टिंब द्यायचे, आणि ते टिंब कशाचे हे मुलाने शोधायचे. काही शिक्षकांना वेळ पुरत नाही. त्यांची तक्रार खरी आहे. मलाही सगळ्या वह्यांत जमत नाही.

दिवाळीच्या सुटीआधी मुलांनी पडद्यावर रांगोळ्या काढल्या. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने आपला षटकोन दहा-दहा अंशांनी फिरवून छत्तीस वेळा काढला. चुकीतून निघालेल्या आकाराचे मोठे फूल झाले. ते पाहताना माझ्या मनात शेताची ती आकृती होती, चार कोपरे आणि चार बाण. तो मुलगा आज चाळिशीत असेल; कुठे आहे, मला ठाऊक नाही. भेटला तर ‘माझं चुकलं’ एवढे म्हणून मला भागवता येणार नाही. कुठे चुकले तेही सांगावे लागेल. ते असे : तू चालून उत्तराला पोचला होतास, आणि मी पुस्तकातला रस्ता तेवढाच रस्ता समजलो.